करगा : धानाच्या वेषातले गवत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रावणात जुनवानीच्या कडेला, जिथे नव्या वसाहतींच्या भिंती संपतात आणि उरलेसुरले धानाचे शेत सुरू होते, तिथे पोटरीभर पाण्यात वाकलेल्या बायांची रांग दिसते. निंदण चाललेले असते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, हे हातांचे काम आहे. जवळ जाऊन पाहावे, तर ते मुख्यतः डोळ्यांचे काम असते. मोथा सहज ओळखू येतो, त्याची तिधारी काडी बोटांना अंधारातही कळेल. सावा थोडा अवघड, कारण तो धानासारखाच सरळ वाढतो. पण पाते खोडाला जिथे बिलगते तिथे धानाला एक पातळ, पांढरट जिभळी असते आणि साव्याला ती नसते. अनुभवी बाई पाते किंचित वाकवून तेवढे पाहते आणि रोप उपटते. मग तिच्यासमोर एक तिसरे रोप येते. त्याला जिभळी आहे. पात्याचा रंग धानाचा, फुटवे धानाचे, उंचीही तूर्त धानाइतकीच. ती क्षणभर थांबते आणि पुढे सरकते. त्या रोपाला कधी लोंबी येईल तेव्हा ते खरे कोण होते हे सर्वांना कळेल; पण तोवर त्याचे बी चिखलात पडण्याच्या बेतात असेल.

या तिसऱ्या रोपाला छत्तीसगढात 'करगा' म्हणतात. आजचे व्याख्यान त्याच्याविषयी आहे.

आक्रमक वनस्पती म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा गाजर गवत आठवते, आणि ते साहजिक आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरले. जुनवानीतील रिकाम्या भूखंडांवर आज सर्वांत जोमाने तेच वाढते. पण नाव गवत असले तरी ते गवत नव्हेच. त्याचे कूळ सूर्यफुलाचे. शिवाय ते परके आहे, अमेरिका खंडातून आलेले, आणि म्हणून ओळखायला सोपे. करग्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो खराखुरा गवत आहे, कारण मुळात धान हेच एक गवत आहे. आणि तो बाहेरून आलेला नाही. तो धानाचाच सख्खा आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचे जातिनावही एकच, 'ओरायझा सटायव्हा'. घरातल्याच माणसाने घरावर कब्जा करावा, तशातला हा प्रकार.

मग त्याला तण तरी का म्हणायचे? त्याचे उत्तर दाण्यात आहे. धानाचा दाणा पिकला तरी लोंबीला धरून राहतो. विळा लागेपर्यंत थांबतो. करग्याचा दाणा पिकला की वाऱ्याच्या झुळुकेने, पाखराच्या धक्क्याने, कधी नुसत्या स्वतःच्या भाराने गळतो. दाणा आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक नाजूक थर असतो. तो थर तुटला की दाणा सुटतो. माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानातले धान कापायला सुरुवात केली तेव्हा जे दाणे गळून गेले ते त्याच्या टोपलीत आलेच नाहीत. जे चिकटून राहिले तेच घरी आले आणि तेच पुन्हा पेरले गेले. अशा नकळत निवडीतून न गळणारे धान तयार झाले. २००६ साली संशोधकांनी दाखवून दिले की या बदलाचा मोठा वाटा एका जनुकातील एका अक्षराएवढ्या फरकाचा आहे. सगळी शेती, सगळी कोठारे आणि अखेर सगळी नगरे ज्या गुणावर उभी राहिली तो गुण एवढासा.

करग्याने तो गुण टाकून दिला आहे. अमेरिकेतील तणधानाचा अभ्यास झाला तेव्हा एक चकित करणारी गोष्ट समोर आली. त्या तणात न गळणाऱ्या धानाचेच ते जनुक सापडले, आणि तरीही त्याचे दाणे गळत होते. म्हणजे ते तण कधीकाळी पीकच होते. माणसाच्या घरात राहून मग पुन्हा रानाकडे वळले, आणि गळण्याची जुनी वाट बंद झालेली असल्याने त्याने दुसरी वाट शोधली. छत्तीसगढातल्या करग्याची कुळकथा थोडी वेगळी आहे. इथे तळ्यांच्या काठी आणि रस्त्याकडेच्या डबक्यांत खरे जंगली धान आजही उगवते. त्याचे पराग शेतातल्या धानावर येतात, शेताचे त्याच्यावर जातात, आणि या देवघेवीतून अर्धे रानटी, अर्धे घरचे असे रोप जन्मते. दिसायला पीक, वागायला तण.

त्याची आणखी काही लक्षणे सांगितली पाहिजेत. त्याच्या दाण्याला बहुधा लांब कुसळ असते. तूस काढले की आतला तांदूळ लालसर निघतो. तो शेजारच्या धानापेक्षा उंच वाढतो, आधी पिकतो आणि म्हणून कापणीपूर्वीच मोकळा होतो. आणि सर्वांत त्रासाचे म्हणजे त्याचे बी झोपी जाते. धानाचे बी ओल मिळताच उगवते, कारण न उगवणारे बी शेतकऱ्याने कधी जपले नाही. करग्याचे बी मात्र चिखलात निजून राहते. काही पहिल्या पावसात उठते, काही दुसऱ्या वर्षी, काही त्याहून उशिरा. एका हंगामात कितीही नेटाने निंदले तरी जमिनीतील बीजसाठा संपत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत, एका वर्षाची चूक अनेक वर्षे फेडावी लागते.

हे सारे छत्तीसगढातच इतके का माजले, याचे कारण इथल्या जमिनीत आणि पेरणीच्या रीतीत आहे. दुर्ग-भिलाईच्या परिसरातला जुना शेतकरी जमिनीची चार नावे घेतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड, तांबडी, जेमतेम पीक देणारी. कन्हार म्हणजे खोलगटातली काळी, पाणी धरणारी. मधल्या मटासी आणि डोरसात मुख्यतः धान. सिंचन नव्हते तिथे सगळी मदार पावसावर. आणि पाऊस कधी येईल, किती येईल याची खात्री नसेल तर रोपवाटिका करून रोवणी करणे हा जुगारच. म्हणून इथे 'बियासी'ची पद्धत रूढ झाली. पावसाच्या तोंडाशी बी फोकून पेरायचे. महिनाभराने बांधीत वीतभर पाणी साचले की त्या उभ्या, कोवळ्या पिकातून लाकडी नांगर चालवायचा. पाहणाऱ्या परक्याच्या काळजात धस्स होते, पण धान पुन्हा उभे राहते आणि बरेचसे तण मुळासकट उलथते. मग 'चलाई' : दाट झालेली रोपे काढून विरळ जागी खोचायची. कमी मजुरीत, कमी जोखमीत साधलेली ही तडजोड आहे, आणि तिला मागास म्हणणाऱ्यांनी पावसाविना कोरड्या पडलेल्या बांधीत कधी रोवणी केलेली नसते.

विदर्भातून भिलाईत आलेल्या कुटुंबांना हे अनोळखी वाटू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे फोकून पेरलेल्या धानाला 'आवत्या' म्हणतात आणि त्याचे दुखणेही हेच. रांग नाही, ओळ नाही. रोवणी केलेल्या बांधीत दोन ओळींच्या मध्ये उगवलेले रोप आगंतुक असल्याचे उघड दिसते. शिवाय रोवलेले धान महिन्याभराचे असते आणि बांधीतले तण नुकते अंकुरलेले, म्हणजे वयातच अंतर. बियासीत आणि आवत्यात धान आणि करगा एकाच पावसाने, एकाच आठवड्यात, एकाच गर्दीत वाढतात. बियासीचा नांगर मोथ्याला ओळखतो. करग्याला ओळखत नाही, कारण जो धक्का धान सोसते तोच करगाही सोसतो. चलाईत तर असेही होते की माणूस आपल्याच हाताने करग्याचे रोप उपटून मोकळ्या जागी नीट लावतो.

आता हे सगळे कळते कसे? शेतावरचे संशोधन या शब्दांनी पांढरे कपडे आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. धानाच्या बांधीतले संशोधन पुष्कळसे गुडघाभर चिखलातले आणि कंटाळवाणे असते. आषाढात शेतात ठरावीक अंतरांवर लाकडी चौकटी ठेवायच्या, अर्धा किंवा एक मीटर बाजूच्या, आणि चौकटीत आलेले प्रत्येक रोप मोजायचे. जे धान आणि करगा यांत ओळखता येत नाही त्याला उपटायचे नाही. त्याला रंगीत दोरा बांधून ठेवायचे आणि आश्विनापर्यंत वाट पाहायची. लोंबी आली की निवाडा. किती दोरे बांधले आणि त्यांतले किती करग्याचे निघाले, यावरून निंदणाऱ्याच्या नजरेतून किती सुटते याचा अंदाज येतो. काही लोंब्यांवर दाणे पिकण्यापूर्वी जाळीच्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे गळालेला दाणा चिखलात न जाता पिशवीत पडतो आणि कोणत्या दिवसांत किती गळाले ते मोजता येते. कापणीनंतर नळीने मातीचे गोळे काढायचे, वरचा थर वेगळा, खालचा वेगळा. ते चाळणीवर धुऊन उरलेले दाणे वेचायचे आणि ओल्या कागदावर ठेवून किती उगवतात ते पाहायचे. न उगवलेल्यांतले मेलेले किती आणि निजलेले किती, हे पुन्हा तपासायचे. एका शेतावर एक वर्ष काम करून फारसे काही हाती लागत नाही. तीन-चार हंगाम त्याच बांधीत उतरावे लागते, आणि तेवढ्यात बांधीच विकली गेली नाही म्हणजे मिळवली.

असल्या कामात सर्वांत उपयोगी मोजमाप कधी कधी चौकटीत नसतेच. कोणत्या बांधीत करगा पहिल्यांदा कुठे दिसला, पाणी कोणत्या धुऱ्यावरून येते, गेल्या वर्षी बी कुणाकडून आणले होते, ही माहिती निंदणाऱ्या बायांकडे असते. त्या वर्षानुवर्षे त्याच शेतांत उतरतात. संशोधनाच्या लेखात त्यांचा उल्लेख बहुधा 'मजूर' या एका शब्दात, तोही खर्चाच्या रकान्यात येतो. हे बदलायला हवे.

करग्यावरच्या उपायांची कथा मात्र या सगळ्यात उद्बोधक आहे, आणि तिचा उगम याच मातीत आहे. भिलाईचा पोलाद कारखाना येण्यापूर्वी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन होण्याच्या कितीतरी आधी, हा सारा प्रदेश मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. नागपूर, भंडारा, चांदा, दुर्ग, रायपूर यांचा शेतीचा कारभार एकाच खात्याकडे. १९४३ साली बी. बी. दवे यांचा मध्य प्रांतातील जंगली धानाचा प्रश्न आणि त्यावरील उपाय यांविषयीचा निबंध 'इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीही हा प्रश्न इतका मोठा होता की त्यावर स्वतंत्र शास्त्रीय निबंध लिहावा लागला.

त्या काळात पुढे आलेली युक्ती ऐकताच पटावी अशी होती. करगा हिरवा आहे आणि धानही हिरवे आहे, हीच अडचण ना? मग धानाचाच रंग बदलावा. जांभळ्या पानांची काही धाने मुळातच असतात. त्यांचा संकर चांगल्या उत्पन्नाच्या वाणांशी करून जांभळ्या पानांचे पीक तयार करायचे. शेत जांभळे दिसेल आणि त्यात जे हिरवे उगवेल ते बेलाशक उपटायचे. निंदणाऱ्या बाईला जिभळी पाहायला नको, उंची जोखायला नको. शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही जमावे इतके सोपे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानेही पुढे याच तत्त्वावर 'श्यामला' हे जांभळ्या पानांचे वाण दिले.

उपाय चालला. आणि जिथे तो वर्षानुवर्षे त्याच बांधीत चालू राहिला तिथे काही हंगामांनी करगाही जांभळा होऊ लागला.

हे कसे झाले, ते हिशेबाने पाहिले तर त्यात काही जादू नाही. धान मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते. शेजाऱ्याशी संकर होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. कागदावर हे प्रमाण नगण्य दिसते. पण समजा, एका एकरात दर चौरस मीटरला करग्याचे एकच रोप निंदणातून सुटले. म्हणजे चार हजार रोपे. प्रत्येकाने शंभर दाणे दिले, तर चार लाख दाणे. त्यांतला हजारात एक जरी जांभळ्या धानाच्या परागाने फळला, तरी चारशे दाणे झाले. त्यांतले काही उगवतील, आणि त्यांच्या वंशात जांभळी पाने आणि गळणारे दाणे एकत्र आलेली रोपे निघतील. पुढच्या हंगामात बायांनी ठरल्याप्रमाणे सगळे हिरवे उपटले. हिरवा करगा गेला, जांभळा राहिला. त्याच्या वाट्याला आता मोकळी जागा, खत, पाणी आणि संरक्षण. अशा रीतीने दर वर्षी निंदण जितके चोख, तितकी जांभळ्या करग्याची निवड चोख. माणूस ज्या खुणेने शत्रू ओळखतो ती खूण शत्रू उतरवून ठेवतो. आणि ती उतरवायला त्याला डोके लागत नाही, निंदणाऱ्याची नजरच ते काम करते.

करग्याचे हिरवेपणही मुळात असेच घडलेले आहे, हे इथे लक्षात येते. साव्याच्या बाबतीत तर ते जनुकांतून वाचलेही गेले आहे. चीनमध्ये धानाच्या शेतांतला सावा पसरट न वाढता धानासारखा सरळ उभा वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा बदल सुमारे हजार वर्षांपूर्वी, हाताने निंदण्याच्या दाबाखाली घडल्याचे दिसले. कुणीही सावा पेरला नाही, कुणीही तो सुधारला नाही. जे पसरले ते उपटले गेले, जे सरळ राहिले ते चुकून वाचले. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी राय या धान्याचा इतिहास असाच मांडला होता : गव्हाच्या शेतातले तण निवडत निवडत इतके गव्हासारखे झाले की थंड प्रदेशांत शेवटी तेच पीक बनले.

रंगाच्या जागी औषध आले तरी गोष्ट तीच राहिली. अमेरिकेत २००२ पासून एका विशिष्ट तणनाशकाला दाद न देणारे धान पेरले जाऊ लागले. शेतावर फवारणी करावी, तण मरावे, धान राहावे. पहिली काही वर्षे निकाल उत्तम आले. मग काही वर्षांतच त्या तणनाशकाला न जुमानणारे तणधान शेतांत दिसू लागले. ते गुण पिकाकडूनच संकराने त्याच्याकडे गेले होते. जांभळ्या पानांनी दुर्ग-रायपूरच्या बांधीत जो धडा दिला तो अर्ध्या शतकानंतर अर्कान्सासच्या यंत्राने सपाट केलेल्या शेतांत पुन्हा गिरवावा लागला. जाता जाता एक गोष्ट : त्या अमेरिकन तणांतल्या एका मोठ्या गटाचे जनुकीय नाते बंगालकडच्या 'आउस' धानाशी निघाले, जे अमेरिकेत कधी पिकवलेच जात नव्हते. तेही बियाण्यातून, पोत्यातून, न कळत तिकडे गेले असणार. तेव्हा इथले जे घरचे, ते तिथे परके आक्रमक ठरले.

आणि आता हा प्रश्न पुन्हा इकडे आला आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ३५ नवी पीकवाणे देशाला अर्पण केली, आणि त्याच कार्यक्रमात रायपूरजवळील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या परिसराचेही उद्घाटन झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' ही तणनाशक-सहिष्णू वाणे पुढे आली. हेतू चांगला आहे. पाणी घटले, मजूर मिळेनासे झाले, रोवणी परवडत नाही. म्हणून थेट पेरणी, आणि थेट पेरणीत तण माजते म्हणून तणनाशक. पंजाब-हरियाणात या वाणांच्या आजूबाजूला जंगली धान फारसे नाही असे समजू. छत्तीसगढात तळ्यातळ्याच्या काठी ते आहे. इथे असे वाण त्याच बांधीत सलग पेरले गेले तर काय होईल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. जांभळा करगा पाहिलेला एखादा म्हातारा शेतकरी पुरे.

मग काय करावे, असा प्रश्न पालकांच्या मनात आला असेल. अनेकांच्या गावाकडे अजून शेती आहे. शेतावर टिकलेले उपाय साधे आहेत आणि एकेकटे अपुरे आहेत. बियाणे स्वच्छ हवे. करगा शेतात येण्याचा सर्वांत मोठा दरवाजा पोत्यातला असतो. बियाण्यातला दाणा सोलून लाल तांदूळ दिसला तर ते बी पेरू नये. पेरणीआधी पहिल्या पावसाने करगा उगवू द्यावा, मग वखरून मारावा आणि त्यानंतर पेरावे. यात पंधरा दिवस जातात, हीच त्याची किंमत. कापणी होताच नांगरू नये, कारण वर पडलेले दाणे पाखरे आणि उंदीर खातात. नांगरले की ते खाली जाऊन निजतात. फोकण्याऐवजी ओळीत पेरावे. शक्य त्या वर्षी रोवणी करावी, कारण नीट चिखलणी करून पाणी उभे ठेवले तर करग्याचे बी सहसा उगवत नाही. जांभळे वाण जरूर पेरावे, पण एकदोन हंगाम. मग पुन्हा हिरव्याकडे यावे, म्हणजे जो जांभळा करगा तयार झाला असेल तो आता उघडा पडतो. हे शेवटचे फार थोड्यांनी केले. एकदा उपाय सापडला की तो सोडवत नाही.

२०२३ च्या खरिपापासून छत्तीसगढात सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये दराने घेते. त्या हिशेबात करगा दोनदा बसतो : त्याने जागा, खत आणि पाणी खाल्ले आणि त्याचा दाणा पोत्यात आलाच नाही. उरलेला लाल दाणा गिरणीत तांदळाची प्रत घालवतो. ज्याची जमीन स्वतःची आहे तो तीन वर्षांचे नियोजन करू शकतो. जुनवानीच्या आसपास आता बरीच जमीन अधियावर किंवा वर्षाच्या बोलीने कसली जाते. पुढच्या वर्षी तिथे वसाहत उभी राहील की महाविद्यालयाची नवी इमारत, हे कसणाऱ्याला ठाऊक नसते. त्याला पंधरा दिवस थांबून करगा उगवू द्या असे कोणत्या तोंडाने सांगावे? जमिनीतला बीजसाठा वर्षानुवर्षांचा आणि कसणाऱ्याचा करार एका वर्षाचा, ही या भागातल्या करग्याची खरी शक्ती आहे.

या गवताच्या कुळाला केवळ शत्रू म्हणून मोकळे होणे मात्र चुकीचे ठरेल. १९७० च्या दशकात आशियातील धानावर 'ग्रासी स्टंट' नावाच्या विषाणूने घाला घातला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला टिकणारा एकच सापडला : उत्तर प्रदेशातून गोळा केलेले 'ओरायझा निवारा' हे जंगली धान, तळ्याकाठी उगवणारे, कुणी न पेरलेले. त्याचा गुण घेतलेले 'आयआर ३६' हे वाण १९७६ मध्ये बाहेर पडले आणि पुढे जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर पेरले गेले. छत्तीसगढात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून सुमारे १९ हजार धानांचे नमुने जमवले. तो ठेवा आज रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयात आहे. नमुन्याच्या कोठीत बी सुरक्षित राहते हे खरे, पण तळ्याकाठचे रोप दर पावसाळ्यात नव्या रोगांशी झगडून बदलत राहते, कोठीतले बदलत नाही. जुनवानी, कोहका या बाजूंच्या तळ्यांचे काठ बांधून काढताना, भराव टाकताना हे कुणाच्या ध्यानी येत नाही.

बायांच्या ध्यानी मात्र ते नेहमी होते. छत्तीसगढात 'कमरछठ' हे आयांचे व्रत असते, मुलांच्या आयुष्यासाठी. तिथी हलधर बलरामाच्या जन्माची, इकडच्या पंचांगात भाद्रपद वद्य षष्ठी. मराठी पंचांगात तीच श्रावण वद्य षष्ठी. त्या दिवशी नांगर लागलेल्या जमिनीतले काही खायचे नाही. गाईचे दूध चालत नाही, म्हशीचे चालते. सहा प्रकारच्या भाज्या आणि भात. नांगर न लागलेला भात कुठला? तर 'पसहर', तळ्याकाठच्या जंगली धानाचा. मराठी घरांत याच्या पंधरवड्याच्या अंतराने, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, आणि ज्या गावी मिळतो तिथे 'देवभात' शिजतो. पसहर काय आणि देवभात काय, धान्य तेच. दोन भाषांतल्या बायांनी, एकमेकींना न विचारता, वर्षातून एक दिवस त्या गवतासाठी राखून ठेवला आहे, ज्याचे भावंड त्याच आठवड्यांत त्या शेतातून उपटत असतात.

पसहर गोळा करण्याचे कामही बायाच करतात, आणि ते सोपे नाही. दाणा गळण्याआधी, पहाटेच्या दवात तळ्यात उतरावे लागते, कारण ऊन चढले की लोंबीला हात लावताच दाणे पाण्यात पडतात. कापणी नाही, लोंब्या हलक्या हाताने टोपलीत झटकायच्या. मग वाळवणे, कांडणे. व्रताच्या आधीच्या दिवसांत सुपेल्याच्या बाजारात तो लालसर तांदूळ लहान लहान ढिगांत मांडलेला असतो आणि चांगल्या बासमतीहून महाग विकला जातो. भिलाईतल्या काही मराठी घरांतूनही तो आता नेला जातो, ऋषिपंचमीसाठी. विकणारी बाई माप भरताना आधी ढिगातून चार दाणे उचलते, तळहातावर चोळून तूस उडवते आणि आतला लाल रंग दाखवते. शेतात ज्या खुणेवरून बी टाकून द्यायचे, बाजारात तीच खूण पाहून ते घ्यायचे असते.